कोंढाण्याची एक रात्र आणि तिचे वेगवेगळे प्रेक्षक

ऐतिहासिक चित्रपट प्रदर्शित झाला की दोन तट पडतात. एक ‘इतिहासाची मोडतोड’ म्हणून संतापतो, दुसरा ‘शेवटी सिनेमाच आहे’ म्हणून विषय संपवतो. ही कलाकृती कोणत्या प्रकारची आहे, तिचा सूर कोणता आणि ती कोणासाठी रचली आहे, हे मात्र दोघेही विचारत नाहीत. ४ फेब्रुवारी १६७० ची कोंढाण्यावरील रात्र या प्रश्नांसाठी उत्तम कसोटी ठरते.

सर्वांत जुन्या कथनांपैकी एक म्हणजे कृष्णाजी अनंत सभासदाची १६९७ च्या सुमाराची बखर. ती जिंजीला, छत्रपती राजारामांसाठी लिहिली गेली. पुरंदरच्या तहात (१६६५) मोगलांना दिलेले २३ किल्ले परत घेण्याचे धोरण ठरते आणि कोंढाण्याचे काम तानाजी मालुसरे अंगावर घेतात, असा तिचा ओघ आहे. कडा चढणाऱ्या मावळ्यांना सभासद वानरांची उपमा देतो. घोरपड तेथे नाही.

घोरपड येते ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात. त्यात जिजाबाई शिवरायांशी फाशांचा डाव मांडतात, जिंकतात आणि कोंढाणा मागतात. राज्याच्या धोरणाची जागा आईच्या हट्टाने घेतली! पण डफाच्या साथीने ऐकणाऱ्याला आपण पोवाडा ऐकतो आहोत हे ठाऊक असते. अतिशयोक्ती हा त्या प्रकाराचा उघड करारच आहे. पुढे हरि नारायण आपट्यांची कादंबरी आली आणि तिच्यावरून बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ हा मूकपट १९२३ मध्ये आला.

आता ओम राऊत दिग्दर्शित ‘तान्हाजी’ (२०२०). त्याचे उपशीर्षकच प्रेक्षक कोण ते सांगते: ‘द अनसंग वॉरियर’. ज्या महाराष्ट्रात चौथीच्या मुलाला तानाजी पाठ असतो, तेथे हे विशेषण हास्यास्पद वाटते. चित्रपट मराठी मुलखाबाहेरच्या, तानाजी प्रथमच पाहणाऱ्या प्रेक्षकासाठी आहे. प्रकार थरारक साहसपटाचा, तोही थ्रीडीत. म्हणून दोरावरच्या अशक्य कोलांट्यांवर रागावणे व्यर्थ आहे. पोवाड्यातील घोरपडीला जी सवलत आपण देतो, तीच त्यांनाही द्यावी.

‘नागीण’ तोफेला मात्र ती देता येत नाही. चित्रपटात उदयभान ही प्रचंड तोफ कोंढाण्यावर आणतो आणि तिचा रोख राजगडावर असतो. कोंढाण्यावरून राजगड त्या काळच्या कोणत्याही तोफेच्या टप्प्याबाहेरचा, पण खरी अडचण पल्ल्याची नाही. तोफ आली की कोंढाण्याची मोहीम स्वसंरक्षण बनते, शत्रूच्या चालीला दिलेले उत्तर ठरते. प्रत्यक्षात १६७० मध्ये पुढाकार शिवरायांचा होता: फेब्रुवारीत कोंढाणा, मार्चमध्ये पुरंदर, ऑक्टोबरात सुरतेवर दुसरी स्वारी. गौरवासाठी काढलेल्या चित्रपटाने नायकाच्या राजाचे राजकारणच काढून घेतले, आणि हे प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही, कारण चित्रपटाचा सूर ‘हे असेच घडले’ असा आहे.

उदयभानाचेही तसेच. साधनांत तो मोगलांच्या चाकरीतला, किल्ल्यासाठी लढून मेलेला राजपूत किल्लेदार आहे. त्याची जागा मगरीचे मांस खाणाऱ्या विक्षिप्ताने घेतली. साहसपटाला खलनायक लागतो हे मान्य, पण मोगली फौजेत मिर्झाराजे जयसिंहांसारखे मातब्बर राजपूत का होते, हा त्या काळचा अवघड प्रश्न अशा पात्रामुळे प्रेक्षकासमोर उभाच राहत नाही.

दिग्पाल लांजेकरांचा ‘सुभेदार’ (२०२३) त्याच रात्रीकडे घरच्या प्रेक्षकाला घेऊन जातो. त्याचा सूर भक्तिभावाचा आणि कौटुंबिक आहे, म्हणून त्याला विचारायचे प्रश्नही निराळे. येथे शत्रू किती भयंकर दाखवला यापेक्षा श्रद्धेने कोणत्या दंतकथा जशाच्या तशा स्वीकारल्या, हे तपासावे. तानाजी पडल्यानंतर गडाला ‘सिंहगड’ नाव मिळाले, ही त्यांतील सर्वांत लाडकी दंतकथा. शिवरायांच्या १६६३ च्या पत्रात ते नाव आधीच आलेले आहे.