चिखलातली तालीम

गेल्या हिवाळ्यात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मी पुण्याजवळच्या एका माळावर काटेरी तारांखालून चिखलात सरपटत गेलो. तेही पदरचे पैसे भरून! घरी कळले तेव्हा बायको म्हणाली, "अहो, चिखल काय आपल्या सांगलीत कमी आहे?"

तिचे खरे होते. पण मला त्या शर्यतीकडे नेले ते सांगलीतल्या चिखलानेच.

ऑगस्ट २०१९. कृष्णेच्या पाण्याने आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाव आली. शेजारच्या काकी पहिल्या मजल्यावर अडकलेल्या. गुडघे पार गेलेले, त्यामुळे त्यांना उचलूनच खाली आणायचे होते. मी उचलले. दोन पायऱ्या उतरलो आणि कमरेत अशी कळ आली, की त्यांना तिथेच जिन्यात टेकवावे लागले. तेवढ्यात माझा मित्र बापू आला. त्याने काकींना पाठुंगळी घेतले आणि छातीभर पाण्यातून नावेपर्यंत नेले. जाताना काकी मला म्हणाल्या, "असू दे रे बाळा." हे चार शब्द माझ्या मनातून कधी गेले नाहीत.

म्हणून मग गेल्या वर्षी आमच्या मास्तरांच्या मुलाने अडथळ्यांच्या शर्यतीत नावे घालायची टूम काढली, तेव्हा सगळ्यांच्या आधी मीच हो म्हणालो. पाच किलोमीटर धावायचे. वाटेत उंच भिंती, दोर, जाळ्या, वाळूची पोती आणि चिखलाचे खड्डे. बापू, मास्तर आणि मी अशी आमची तुकडी ठरली. सरावाला जागा कोणती? बापूची जुनी तालीम.

तालीम हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ शिक्षण. कुस्ती, पैलवान, जोर हे शब्द फारसीतून आले आणि उस्तादाचा आपण वस्ताद केला. आमच्या भागात कितीतरी तालमींत मारुतीही असतो आणि मोहरमात पंजेही बसतात. तिथल्या हौद्यातली तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली असते. पहिले आठ दिवस वस्तादांनी आम्हाला नुसती ती माती खोऱ्याने उकरायला लावली. मी कुरकुरलो, तेव्हा म्हणाले, "कविराज, दंड फुगवून काय करायचंय? उद्या कुणाला उचलायची वेळ आली, तर उचलता आलं पाहिजे."

ही शर्यत कुठून आली, याचा मी शोध घेऊ लागलो, तेव्हा वस्तादांचेच म्हणणे मला एका फ्रेंच माणसाकडे सापडले. त्याचे नाव जॉर्ज एबेर. जन्म १८७५, पेशाने नौदल अधिकारी. ८ मे १९०२ रोजी कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर पेले ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत भस्मसात झाले. सुमारे २८ हजार माणसे मेली. त्या वेळच्या बचावकार्यात एबेर होता आणि तिथूनच त्याच्या विचाराला दिशा मिळाली, असे त्याच्याविषयी लिहिणारे सांगतात. पुढे त्याने नौसैनिकांसाठी व्यायामाची 'नैसर्गिक पद्धत' बसवली. चालणे, धावणे, उड्या, हातापायांवर रांगणे, चढणे, तोल सांभाळणे, फेकणे, उचलणे, स्वसंरक्षण आणि पोहणे असे तिचे दहा भाग. शरीर कमवायचे ते दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी, हे तिचे सूत्र. नुसत्या विक्रमांमागे धावणाऱ्या खेळांवर त्याने १९२५ साली एक टीकाग्रंथच लिहिला.

त्याच्या या पद्धतीचा ठसा फ्रेंच लष्कराच्या अडथळ्यांच्या मैदानावर उमटला. १९४६ साली कॅप्टन आंरी दब्रू या फ्रेंच अधिकाऱ्याने लष्करी पेंटॅथलॉन ही स्पर्धा आखली. तिच्यात ५०० मीटरच्या वाटेवर वीस अडथळे असतात. लष्कराची ही शिस्त पुढे नागरिकांच्या हौसेत उतरली. १९८७ साली इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनजवळ बिली विल्सन या माजी सैनिकाने आपल्या शेतावर 'टफ गाय' ही शर्यत सुरू केली, तीही ऐन थंडीत. २०१० मध्ये अमेरिकेत 'स्पार्टन रेस' आणि 'टफ मडर' निघाल्या. त्यांपैकी 'टफ मडर'ची एक गोष्ट मला फार आवडली. तिथे सुरुवातीला पहिला-दुसरा नंबर काढत नसत. उलट, वेळेपेक्षा सोबत मोठी मानीन, अशी शपथ धावणाऱ्यांना घ्यावी लागे.

आता हा खेळ ऑलिंपिकच्या दारात आहे. २०२१ मध्ये टोकियोच्या आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये बिथरलेल्या घोड्याला चाबकाने मारल्याचे दृश्य जगाने पाहिले आणि मोठे वादळ उठले. त्यानंतर घोडेस्वारी वगळून अडथळ्यांची शर्यत घ्यायचे ठरले. २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये ती असेल. तिथे मात्र ज्याचा त्याने अडथळा ओलांडायचा, आणि घड्याळ सेकंदाचे तुकडे मोजणार. एबेरला ते कितपत रुचले असते, कोण जाणे!

आमची शर्यत मात्र त्याला नक्की रुचली असती. चौथ्या किलोमीटरला आठ फुटी भिंत आली. हात चिखलाने बरबटलेले, बोटे निसटत होती. मी तीनदा घसरलो. बापू खाली उकिडवा बसला आणि म्हणाला, "दे पाय खांद्यावर." मी वर पोचलो, भिंतीवर आडवा झालो आणि मास्तरांना हात दिला. मागून कॉलेजातली एक मुलगी आली. "काका, हात द्या!" तिलाही ओढले. मग तिने आणि मी मिळून बापूला वर घेतला. शेवटी पोचणाऱ्यांत आम्ही होतो. गळ्यात पदक पडले, पण ते चिखलाने इतके माखले होते, की त्यावरची अक्षरे घरी नळाखाली धरल्यावर दिसली.

काकी आता नाहीत. त्यांना ते पदक दाखवायचे राहून गेले. पण आमची तालीम सुटलेली नाही. रोज शेवटी एकाने दुसऱ्याला पाठीवर घेऊन हौद्याभोवती फेरी मारायची, असा वस्तादांचा नेम आहे. बापूचे वजन ८२ किलो. परवा त्याला घेऊन मी दोन फेऱ्या पुऱ्या केल्या. वस्ताद म्हणाले, "पावसाळ्याआधी तीन झाल्या पाहिजेत."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)