घाटवाटेची शिल्लक

मंडळी, म्हातारपणासाठी पैसा साठवतात तशी ताकदही साठवावी लागते. हाडं साधारण तिशीपर्यंत भरतात, पुढे हळूहळू विरळ होतात. आजारात, पडल्या-झडल्यावर माणूस खर्च करतो ती ही तरुणपणची शिल्लक.

महाड-पोलादपूरकडे ती कोणी ठरवून केली नाही. खाली सावित्रीकाठचं महाड बंदर, वर देश, मधे सह्याद्री. पारघाट, वरंध घाट अशा वाटांनी माल आणि माणसं चढायची-उतरायची. उतारावर नाचणी-वरी पिकायची. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पांढऱ्या तांदळात दहाच्या घरात. हाडांना ओझं मिळालं आणि खाद्यही.

पण इथं 'जुनं ते सोनं' म्हणणारे घाई करतात. १९५१ च्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा, हे खरं. तरीही, मोळी वाहून गुडघे झिजलेल्या, अंगात रक्त नसलेल्या बाईला 'काटक' म्हणणं ही आपली सोय आहे. कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. व्यायाम अंगी लागायला अन्न, विश्रांती आणि पाणी लागतं.

पाणी म्हटलं की महाडात चवदार तळं आलंच. १९२३ साली सी. के. बोले नव्हे, सी. नव्हे, सी. सोडा, रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब त्याचं पाणी प्यायले. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. बाबासाहेबांनीच सांगितलं होतं की त्या पाण्यावाचून आपलं अडलं नव्हतं, प्रश्न समतेचा आहे. मान्य. पण शरीराची शिल्लक कोणाला टाकू द्यायची, हेही गावच ठरवत होतं, एवढं मी त्याला जोडतो.

आज रायगडावर रोपवे आहे. वाड्यांतली तरणी पोरं मुंबई-पुण्याला, मागे म्हातारी माणसं. त्यांचं आता काय, असं विचाराल. १९९० साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पुरा केला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि दोघांनी तर काठी सोडली.

हं, आता विचारा प्रश्न.