उमेदवारी

गेल्या सप्टेंबरात हुपरीला गेलो, तेव्हा आत्तीच्या सोप्यात पैंजणांचा ढीग पडला होता आणि आतेबहीण घुंगरू लावत बसली होती. आमच्या गावात हे दृश्य नवं नाही. चांदी आटवण्यापासून तार ओढण्यापर्यंतची कामं कारखान्यात होतात, पण बारीकसारीक कामं घरोघरी येतात आणि ती बहुतेक बायकाच करतात. मला नवल वाटलं ते तिला तिथं बघून. वर्षभर ती रोज सकाळी डबा घेऊन एका सरकारी कार्यालयात जायची. बी. कॉम. झालेली. घरात सगळे तिला ‘आमची साहेबीण’ म्हणायचे.

“सुट्टी हाय का आज?” मी विचारलं.

“संपलं की, दादा. अकरा महिनं झालं.”

ती ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजने’तली प्रशिक्षणार्थी होती. महिन्याला दहा हजार रुपये विद्यावेतन. आधी सहा महिने, मग पाच महिन्यांची मुदतवाढ, मग प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र आत्तीनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं होतं. “काय काय शिकलीस?” असं मी विचारलं, तर ती जरा वेळ घुंगरू निवडत राहिली आणि म्हणाली, “आवक-जावक येतंय की मला आता. आणि झेरॉक्समध्ये कागद अडकला तर काढायला येतोय.”

आम्ही दोघंही हसलो. पण पुण्याला परतताना तो प्रश्न माझ्याबरोबर बसमध्ये होता. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षानंतर दोन महिने एका कंपनीत इंटर्नशिप केली होती. तिथं माझ्यावर एक माणूस नेमलेला होता, एक छोटं काम ठरवून दिलेलं होतं आणि शेवटी ते काम कुणीतरी तपासलं होतं. अकरा महिन्यांत माझ्या बहिणीचं काम असं कुणी तपासलंच नव्हतं. तिला पैसे मिळाले, ते वेळेवर-उशिरा का होईना मिळाले, आणि ते तिच्या स्वतःच्या खात्यात आले. ही लहान गोष्ट नाही. तरीही ती पुन्हा सोप्यातच येऊन बसली होती. हे असं कधीपासून चालत आलंय, हे शोधायला मी एका शब्दापासून सुरुवात केली.

आशेवर बसलेला माणूस

तो शब्द म्हणजे ‘उमेदवार’. आज तो ऐकला की निवडणूक आठवते. पण हा शब्द फारसीतून आला, ‘उम्मीद’ म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशातही हा शब्द आहे आणि तिथं त्याचा अर्थ नोकरीची वाट पाहणारा, आपल्या अर्जाच्या उत्तराची वाट पाहणारा असाच दिला आहे. इंग्रज अधिकाऱ्यांना तो इतक्या वेळा ऐकू येत असला पाहिजे, की कोशात घ्यावा लागला.

एकोणिसाव्या शतकातल्या कचेऱ्यांत ‘उमेदवारी करणे’ हा रीतसर टप्पा होता. चार इयत्ता शिकलेला मुलगा ओळखीनं मामलेदार कचेरीत जाऊन बसायचा. नकला करायचा, दप्तर बांधायचा, मोडी वाचायचा. पगार नसे. एखादा कारकून रजेवर गेला, बदलून गेला किंवा वारला, तर जागा मिळण्याची आशा असे. आता यात एक चाळणी आपोआप लागते. बिनपगारी बसणं कुणाला परवडतं? ज्याच्या घरी खायला आहे त्याला, आणि ज्याची कचेरीत कुणाशी ओळख आहे त्याला. कुठल्याही नियमात जात लिहिलेली नसली, तरी फुकट उमेदवारीनं कचेरीचं दार ठराविक घरांपुरतंच उघडं राहायचं.

त्याचा परिणाम कोल्हापूर संस्थानातच आकड्यांत दिसला. १८९४ साली शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला, तेव्हा संस्थानातल्या ७१ अधिकारपदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण होते, आणि सुमारे ५०० कारकुनी जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे फक्त दहा. २६ जुलै १९०२ रोजी निघालेला निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा जाहीरनामा सगळ्यांना माहीत असतो. मला त्याच्या आजूबाजूच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली, कारण राखीव जागेवर बसायला शिकलेला मुलगा हवा आणि शिकायला शहरात राहायची सोय हवी. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या स्मरणार्थ पाटील शाळा निघाली, कारण गावच्या पाटलाला कारभार कळला पाहिजे. १९१८ साली कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले गेले आणि त्यांत तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतली माणसंही घेतली गेली.

इथं एक साखळी दिसते. आधी राहण्याजेवण्याची सोय, मग शिक्षण, मग ठरलेली जागा, आणि त्या जागेला ठरलेला पगार. यातली एक कडी निसटली तरी पैंजण तुटतं, हे हुपरीच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

कुंभोजचा माणूस

या वसतिगृहांतूनच गेलेला एक मुलगा आमच्याच हातकणंगले तालुक्यातला. भाऊराव पाटलांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून ते राजाराम हायस्कूलमध्ये शिकले. पुढं ओगल्यांच्या काचकारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी त्यांनी गावोगाव फिरून विक्री केली. १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू झाली, आणि १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज. ‘कमवा आणि शिका’ हा शब्दप्रयोग तिथूनच घराघरांत गेला.

आमच्या शाळेच्या भिंतीवर अण्णांचा दाढीवाला फोटो होता, म्हणून ‘कमवा आणि शिका’ म्हणजे गरिबांसाठीची सवलत असं मला लहानपणी वाटायचं. मोठेपणी त्यातली मांडणी कळली. मुलगा शेतात राबायचा, विहीर खणायचा, इमारतीचे दगड वाहायचा. त्या कामाचा मोबदला म्हणजे त्याचं जेवण आणि शिक्षण. काम कशासाठी करतोय आणि त्याच्या बदल्यात काय मिळणार, हे त्याला पहिल्या दिवशी ठाऊक असायचं. कामाच्या शेवटी उभी राहिलेली भिंतही दिसायची. त्यानं आशेवर बसायचं नव्हतं.

सरकारनं उमेदवारीला पगार दिला

स्वातंत्र्यानंतर उमेदवारी कायद्यात आली. शिकाऊ उमेदवारांसाठीचा ‘अप्रेंटिसेस ॲक्ट’ १९६१ चा. फुकट राबवणं थांबलं, कारण या कायद्यानं विद्यावेतन बंधनकारक केलं. १९७३ च्या दुरुस्तीनं त्यात इंजिनिअरिंगचे पदवीधरही आले. पण त्याच मूळ कायद्यात दोन वाक्यं होती. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. आणि दुसरं, जे २०१४ पर्यंत कायद्यात होतं: करारात तसं लिहिलेलं नसेल, तर मुदत संपल्यावर त्याला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. पुढच्या साठ वर्षांची सगळी ओढाताण या दोन वाक्यांत आहे.

महाराष्ट्रानं रोजगाराच्या बाबतीत देशाच्या पुढं पावलं टाकली. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं राज्यभर निघाली, १९७७ साली तिचा कायदा झाला. पण ती हमी खडी फोडायला तयार असलेल्या ग्रामीण मजुराला होती. शिकलेल्या बेकारासाठी १९७४ साली ‘रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम’ आला, ज्यात तरुणानं एखाद्या आस्थापनेत काम शिकायचं आणि सरकारनं विद्यावेतन द्यायचं. पन्नास वर्षांनी, ९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं जी योजना आली, ती याच कार्यक्रमाची सुधारलेली आवृत्ती. माझ्या बहिणीला वाटत होतं की आपण एका नव्या योजनेतल्या पहिल्या आहोत. तशी ती नव्हती.

तिच्या आधी ‘पदवीधर अंशकालीन’ होऊन गेले होते. सुशिक्षित बेरोजगारांना अर्थसाहाय्य म्हणून सरकारनं पदवीधर आणि पदविकाधारकांना शासकीय कार्यालयांत तीन वर्षांपर्यंत मानधनावर काम दिलं. तीन वर्षं संपली, माणसं घरी गेली आणि मग जागेसाठी झगडत राहिली. शेवटी सरकारी भरतीत त्यांना १० टक्के समांतर आरक्षण मिळालं. आजही एखाद्या भरतीची जाहिरात उघडली, तर अंशकालीन उमेदवारांसाठी वयोमर्यादा ५५ वर्षं अशी ओळ सापडते. मी ती ओळ स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मित्राबरोबर कितीदा तरी वाचली असेल, पण तिचा अर्थ आता लागला. पंचविशीत ज्याला तीन वर्षांसाठी बसवलं, तो पंचावन्नापर्यंत उमेदवारच राहू शकतो.

न्यायालयांनीही दोन्ही बाजूंनी उत्तर दिलं. उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की बाकी सगळं समान असेल तर शिकाऊ उमेदवारी केलेल्याला थेट आलेल्यापेक्षा प्राधान्य द्यावं. आणि २००६ साली कर्नाटकच्या उमादेवी खटल्यात त्याच न्यायालयानं सांगितलं, की खुल्या स्पर्धेशिवाय घेतलेल्या तात्पुरत्या माणसाला कायम होण्याचा हक्क सांगता येत नाही. दोन्ही निकालांत तथ्य आहे. सरकारी जागा सगळ्यांच्या असतात, त्या आधी आत बसलेल्याला परस्पर देता येत नाहीत. पण ज्याला शिकवलं त्याच्या शिकण्याला काहीच किंमत नसेल, तर शिकवलं कशासाठी?

विद्या आणि वेतन

२०२४ ची योजना कागदावर साधी होती. वय १८ ते ३५. बारावी झालेल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. मुदत सहा महिने. सरकारी कार्यालयांत मंजूर पदांच्या पाच टक्के प्रशिक्षणार्थी घ्यायचे. शिक्षण चालू असलेल्यांना प्रवेश नाही, म्हणजे विद्यावेतन मिळणार ते विद्यार्थी नसलेल्याला. विधानसभा निवडणूक तोंडावर होती आणि ‘लाडका भाऊ’ हे नाव योजनेच्या खऱ्या नावापेक्षा लवकर पसरलं. मार्च २०२५ मध्ये मुदत अकरा महिने झाली आणि ती संपत आल्यावर प्रशिक्षणार्थी कायम नोकरीच्या मागणीसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर बसले.

सरकारला नीट प्रशिक्षण देता येत नाही असं म्हणावं, तर तेही खरं नाही. ‘मुख्यमंत्री फेलोशिप’ २०१५ पासून मधल्या खंडासह चालू आहे. २०२५-२६ साठी तिच्यात ६० जागा आणि प्रवासखर्च धरून महिना ६१,५०० रुपये. सोबत आयआयटी मुंबईचा अभ्यासक्रम. परीक्षा आणि मुलाखत देऊन निवड. तिथं काय शिकायचं हे आधी लिहिलेलं असतं. रकमेतला सहापट फरक मला तितका खुपत नाही; निवडीची पातळी वेगळी आहे. खुपतो तो दुसरा फरक. साठ जणांसाठी अभ्यासक्रम आहे आणि माझ्या बहिणीसारख्यांसाठी हजेरीपट आहे.

‘विद्यावेतन’ या शब्दात दोन शब्द आहेत. शंभर वर्षांत आपण त्यातल्या वेतनासाठी भांडलो आणि ते मिळवलं. फुकट उमेदवारी गेली, हे भलं झालं. त्यामुळेच हुपरीच्या सोप्यातली मुलगी ओळखीशिवाय कचेरीत जाऊन खुर्चीवर बसू शकली. विद्येचा भाग मात्र कुणी मागितलाच नाही. तरुणांना नोकरी हवी होती, सरकारला आकडा हवा होता आणि कार्यालयाला रिकाम्या जागांवर चार हात हवे होते. मंजूर पद रिकामं आहे आणि त्याचं काम प्रशिक्षणार्थी करतोय, हे तिघांनाही चालून गेलं. कचेरीतल्या त्या जुन्या उमेदवाराला निदान कारकुनाच्या जागेची आशा असायची. आता ती जागाही भरली जात नाही.

हे दुरुस्त करायला फार मोठी यंत्रणा लागेल असं मला वाटत नाही. पहिल्या आठवड्यात एका पानावर लिहून द्यावं, की या मुदतीत ही कामं शिकायची. ती कोण शिकवणार त्याचं नाव द्यावं. शेवटी प्रमाणपत्रावर फक्त ‘प्रशिक्षण पूर्ण’ न लिहिता काय येतं ते लिहावं, आणि त्या मजकुराला पुढच्या भरतीत थोडे तरी गुण असावेत. नोकरीची हमी नको, पण शिकवण्याची हवी.

आमच्या गावच्या कारखान्यात नवा पोरगा आला, की त्याला आधी पडेल ते काम देतात, झाडलोटसुद्धा. त्या धंद्यात शोषण नाही असं मी म्हणणार नाही. तिथली मजुरी किती आणि तब्येतीचं काय होतं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण दोन वर्षांनी त्या पोराला जोड लावता येतो का, हे विचारायला प्रमाणपत्र लागत नाही. समोर चांदी ठेवायची आणि बघायचं.

दिवाळीला पुन्हा गेलो तेव्हा बहिणीनं एका भरतीची जाहिरात दाखवली. लिपिकाच्या जागा, टायपिंगची अट. कार्यालयात अकरा महिने संगणकावर बसूनही टायपिंगची परीक्षा दे, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आता तिनं क्लास लावलाय. फी घुंगरांच्या मजुरीतून भरते. अर्जात एक रकाना होता, ‘पूर्वानुभव’. तिथं काय लिहायचं, म्हणून तिनं मला विचारलं.

मी लॅपटॉप पुढं ओढला आणि म्हणालो, “रोज काय काय करायचीस, ते सगळं सांग. पहिल्या दिवसापासून.”

तासाभरात दीड पान भरलं. त्यात झेरॉक्स मशीन होतंच. पण येणाऱ्या माणसाचा अर्ज वाचून त्यात कुठला कागद कमी आहे ते ओळखणं होतं, म्हाताऱ्यांना वाचून दाखवणं होतं, जुन्या नोंदी शोधून काढणं होतं. शिकली होती ती बरंच. फक्त ते तिला कुणी मोजून दाखवलं नव्हतं.