ल्युदमिला बेलोऊसोवा: बर्फावरील सहजीवन

राज्यसत्ता रुष्ट झाली की विजेत्यांची नावेही पुसली जातात. ल्युदमिला बेलोऊसोवा यांचे चरित्र याची साक्ष देते.

१९३५ साली उल्यानोव्स्क येथे जन्मलेल्या ल्युदमिला फिगर स्केटिंगकडे वळल्या त्या बऱ्याच उशिरा. १९५७ मध्ये ओलेग प्रोतोपोपोव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याने १९६४ साली इन्सब्रुक येथे जोडी-स्केटिंगमधील सोव्हिएत संघाचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले आणि १९६८ मध्ये ग्रेनोबल येथे ते राखले. बॅलेची संथ लय त्यांनी बर्फावर उतरविली. जोडीदाराचा हात धरून, देह बर्फालगत झोकून वर्तुळ रेखणाऱ्या ‘डेथ स्पायरल’चे नवे प्रकार त्यांनी रूढ केले.

पुढे काळाने वेगाला व कसरतीला कौल दिला. १९७२ च्या ऑलिंपिक संघात त्यांना स्थान मिळाले नाही. १९७९ साली स्वित्झर्लंडच्या दौऱ्यावर असता दोघांनी तेथेच आश्रय मागितला. मायदेशाने त्यांच्या मानाच्या पदव्या काढून घेतल्या. १९९५ मध्ये त्यांना स्विस नागरिकत्व लाभले. रशियाच्या भूमीवर पुन्हा पाऊल पडले ते २००३ साली. २०१७ मध्ये ल्युदमिला निवर्तल्या.

मात्र १९६४ पासून २००६ पर्यंत या प्रकारातील प्रत्येक ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकावर त्यांच्याच परंपरेतील जोड्यांचे नाव कोरले गेले. ज्यांना घराने परके मानले, त्यांनीच घातलेल्या वाटेवरून घर चालत राहिले.