दोन आण्यांची पदे

यंदाच्या उन्हाळ्यात आमचे आगाशीचे जुने घर पाडले. वसई-विरारकडे आता जिकडे पाहावे तिकडे इमारती उभ्या आहेत. केळीच्या बागा आणि पानवेलींचे मांडव एकेक करून गेले, तेव्हा आमच्या घराची पाळी आज ना उद्या यायचीच होती. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तिच्यात सुकेळी बांधायच्या सोपाचा भारा, ग्रामोफोनच्या सुयांची एक गंजकी डबी आणि जुनेऱ्यात गुंडाळलेले, मुखपृष्ठ नसलेले एक चोपडे निघाले. ते एका संगीत नाटकाच्या पदांचे पुस्तक होते.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. दोन-चार कादंबऱ्या हातून लिहून झाल्या, म्हणून काही कोणी इतिहासकार होत नाही. पण त्या चोपड्याने मला इतिहासाकडे ओढत नेले, आणि ते का, हे दिवाळीच्या निवांत वेळी वाचकांना सांगावे असे मनात आले.

ही ट्रंक निघाली त्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलाने मला एक अजब माहिती पुरवली. ‘किस’ नावाच्या अमेरिकन वाद्यवृंदाने २००१ साली स्वतःची चित्रे असलेली शवपेटी विक्रीला काढली होती! याच मंडळींनी १९७७ साली आपल्यावरचे चित्रकथांचे पुस्तक निघाले तेव्हा त्याच्या छपाईच्या तांबड्या शाईत स्वतःचे रक्त मिसळले होते. ‘फ्लेमिंग लिप्स’ म्हणून दुसरी एक मंडळी आहे. तिने २०११ साली तीन किलोंहून जड अशी गोड चिकट कवटी विकली. कवटी खात जावे तेव्हा आत पेन ड्राइव्ह सापडावा, आणि त्यात चार गाणी! बीटल्सची गोष्ट तर आमच्या वडिलांच्या पिढीलाही ठाऊक होती. १९६४ साली त्यांच्यासारख्या केसांचे टोप अमेरिकेत धडाधड खपले. पण वस्तू विकण्याच्या हक्काचा करार करताना त्यांच्या व्यवस्थापकाने शंभरातले नव्वद दुसऱ्याला देऊन टाकले आणि दहा आपल्याकडे ठेवले.

मुलगा म्हणाला, “सर, आपल्याकडे असलं काही नव्हतं ना?”

मी म्हणालो, “होतं की. माझ्या घरात आहे.”

मुलाला सांगितले ते आता नीट जुळवून सांगतो.

आपल्याकडचे वाद्यवृंद म्हणजे संगीत नाटक मंडळ्या. १८८० सालच्या ३१ ऑक्टोबरला अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, १८८२ साली ‘सौभद्र’ आले, आणि महाराष्ट्राला नाटकातल्या गाण्याचे वेड लागले. मंडळी गावात आली की टांग्यात बँडवाले बसत, टांगा पेठेपेठेतून फिरे आणि त्यातून रंगीत हँडबिलांची उधळण होई. पोरे टांग्यामागे धावत. हँडबिल फुकट मिळे. म्हणून ते वह्यांना घातले जाई, देवघराच्या कोनाड्यात अंथरले जाई. ज्याला तिकिटाची ऐपत नाही त्याच्या घरीही नाटक एवढे तरी पोचत असे.

थिएटराच्या दाराशी मात्र पैसे मोजून घ्यायची वस्तू असे, ती म्हणजे पदांचे पुस्तक. आणे-दोन आणे किंमत, कागद हलका, टाचणी दोन ठिकाणी, मलपृष्ठावर एखाद्या तेलाची किंवा टॉनिकाची जाहिरात. आत नाटकाचा गद्य भाग नाही, निव्वळ पदे. प्रत्येक पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ छापलेली. म्हणजे हे पद अमक्या चिजेच्या किंवा तमक्या जुन्या गाण्याच्या वळणावर म्हणावे, अशी ती सूचना. ज्याला मूळ चीज येते त्याला सारे पद हाती आले. ज्याला येत नाही त्याच्या हाती शब्द तेवढे. हा ‘चाल’ शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढे त्याचे काम आहे.

आता गंधर्व नाटक मंडळी. नारायण श्रीपाद राजहंस यांना लहानपणी लोकमान्यांनी ‘बालगंधर्व’ म्हटले. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत गेले आणि १९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी स्वतःची मंडळी काढली. पुढे जे झाले त्याला वेडच म्हटले पाहिजे. त्यांची लुगडे नेसण्याची, अंबाडा घालण्याची, गजरा माळण्याची रीत घरंदाज बायका उचलू लागल्या. एका पुरुषाकडे पाहून बायकांनी बायकांसारखे नटायला शिकावे, ही गोष्ट जगाच्या बाजारात शवपेटीहून कमी नवलाची नव्हे! साबणावर, पावडरीवर, टॉनिकच्या जाहिरातीत त्यांची छबी झळकली. नाट्यगृहात अत्तराचा असा दरवळ असे, की नाटक पाहून आलेल्या माणसाच्या उपरण्याचा वास दुसऱ्या दिवशी घरातली माणसे आळीपाळीने घेत. दोन आण्यांचे पुस्तक विकत मिळे, पण तो वास मंडळी फुकट देई. त्या फुकट देण्याने मंडळीचे काय झाले तेही सर्वश्रुत आहे. देखावे खरे, शालू खरे, अत्तर खरे, आणि कर्जही खरे! ज्या मंडळीने १९२१ सालच्या ८ जुलैला केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’सह ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग करून सगळे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला दिले, तिला स्वतःचे देणे फेडता फेडता वर्षे लागली. बीटल्सचा व्यवस्थापक नव्वद टक्के देऊन बसला म्हणून हसणाऱ्यांनी आधी आपल्या घरातला हा हिशेब पाहावा.

गाणे वस्तूंवर चढून फिरू लागले ते मात्र ग्रामोफोनमुळे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानची तबकडी झाली. गाणे संपल्यावर ती इंग्रजीतून आपले नाव सांगत असे. लवकरच तिचे चित्र आगपेट्यांवर आले, आणि त्या आगपेट्या तयार होत होत्या ऑस्ट्रियात! गाणारी कलकत्त्याची, काडी ऑस्ट्रियाची, आणि विडी पेटवणारा कदाचित आमच्या आगाशीचा. तबकडीची बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे, दर बाजूला सुई बदलावी लागे, आणि सुया येत छोट्या चित्रमय डब्यांतून. सुया संपत, डबी काही केल्या फेकवत नसे. आमच्या ट्रंकेतल्या डबीत लवंगा ठेवीत. अजून उघडली की वास येतो.

पण या वस्तूंमध्ये सर्वांत हलकी आणि सर्वांत धारदार वस्तू पदांचे चोपडेच होय. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव वाढला, तसे मेळे निघाले. एका रंगाचे पोषाख, हातात टिपऱ्या किंवा झेंडे, आणि गाण्यांची छापील पुस्तके. मेळा आरास पाहायला आलेल्यांसमोर गाऊन पुढे जाई. पुस्तक मागे उरे, आणि दुसऱ्या दिवशी तेच गाणे दुसऱ्या आळीत ऐकू येई. सरकारने हे ओळखले होते. कवी गोविंदांची पदे छापून प्रसिद्ध केली, म्हणून बाबाराव सावरकरांना १९०९ साली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. चार कवितांचे चोपडे आणि अंदमान! त्या रक्ताच्या शाईचे कौतुक सांगणाऱ्या मुलाला मी हे सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला.

सत्यशोधक जलसे, मग आंबेडकरी जलसे, त्यांत नाशिककडचे भीमराव कर्डक, पुढे वामनदादा कर्डक. १९४४ साली निघालेल्या लाल बावटा कलापथकातले अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गव्हाणकर, या साऱ्यांची गाणी आधी गळ्यातून आणि मग अशाच पातळ पुस्तकांतून खेडोपाडी गेली. ही परंपरा मेलेली नाही. ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कावर जाऊन पाहावे. पुस्तकांच्या ढिगांत गीतांच्या चोपड्या असतात, आणि दूरच्या गावाहून आलेली बाई फोटो आणि बिल्ल्याबरोबर एक चोपडी पिशवीत घालते. तिला ती वाचून दाखवणारे नातवंड घरी असते.

इथून मी माझ्या चोपड्याकडे येतो.

ते आमच्या घरी आणले माझ्या पणजोबांनी. त्या वेळी विरारहून मुंबईला जाणे अवघड उरले नव्हते. १८६७ सालच्या १२ एप्रिललाच विरारहून मुंबईची गाडी सुरू झाली होती. पणजोबा सुकेळी आणि पाने घेऊन जात, आणि काम आटोपले की ग्रँट रोडच्या पिला हाऊसच्या बाजूला, जिथे नाटकगृहांची गर्दी होती तिथे, एखादे नाटक पाहून येत. नाटक रात्रभर चाले. सकाळच्या गाडीने विरार, आणि तिथून बैलगाडीने आगाशी. एका खेपेस त्यांनी ‘स्वयंवर’ पाहिले. हे नाटक खाडिलकरांचे, १९१६ सालचे, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, रुक्मिणी बालगंधर्व. येताना दोन आण्यांचे पुस्तक आणले, ते धाकट्या बहिणीसाठी.

ही बहीण बालविधवा होती. घरात सगळे तिला आत्या म्हणत. ती उभ्या जन्मात विरार स्टेशनाच्या पलीकडे गेली नाही. नाटकाला जाण्याची गोष्टच नको. तिला अक्षरओळख नव्हती. भावाने पुस्तक दोन-तीन रात्री वाचून दाखवले. तिला पदे पाठ झाली, आणि मग पाठ असलेल्या पदावर बोट ठेवून ती अक्षरे ओळखू लागली. रुक्मिणीचा ‘रु’ तिला आधी आला, ‘ग’ आणि ‘म’ मागून आले. अशी उलटी बाराखडी शिकलेली दुसरी विद्यार्थिनी माझ्या एवढ्या वर्षांच्या मास्तरकीत मला भेटली नाही.

चाली तिला कुठून येणार? मथळ्यावर राग छापलेला, चिजेचे नाव छापलेले. पण ख्याल-ठुमरी आगाशीच्या स्वयंपाकघरात कोण गाणार? तिने सगळी पदे जात्यावरच्या ओवीच्या चालीवर बसवली. बखलेबुवांच्या चाली जाऊन दळणाच्या चाली आल्या. माझे वडील लहानपणी तीच पदे ऐकत मोठे झाले. पुढे रेडिओवर त्यांनी बालगंधर्वांचे गाणे ऐकले, तेव्हा म्हणाले, “हे चुकीचं गातायत.”

आत्या गेली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. पण चोपडे माझ्या हातात लहानपणीच आले होते, ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. आठ वर्षांचा असेन. पाऊस धो धो पडत होता, वाडीतला पाट भरून वाहत होता, आणि माळ्यावर मला एक जुने पुस्तक सापडले. त्याचे मुखपृष्ठ आणि पुढची काही पाने यांच्या मी होड्या केल्या. त्या छान तरंगल्या. आजीने पाहिले, पुस्तक हातातून काढून घेतले, आणि एक अक्षर न बोलता जुनेऱ्यात गुंडाळून ठेवले. ती रागावली असती तर मी विसरून गेलो असतो.

यंदा ते जुनेरे सोडले, आणि पहिल्यांदा मी पुस्तक शेवटपर्यंत चाळले. समासात पेन्सिलीने गिरवलेली अक्षरे आहेत. आधी वाकडी, पुढे पुढे सरळ. शेवटच्या कोऱ्या जागेत तिने आपले नाव लिहिले आहे. लग्नातले नव्हे, माहेरचे, वडिलांच्या नावासकट. सातबाऱ्यावर ते नाव नाही. रेशनकार्डावर, घरपट्टीवर कुठेही नाही. घर विकताना आमच्या कुटुंबाची वंशावळ काढावी लागली. तिच्यातही ते नव्हते, कारण तिला वारस नव्हता. एवढ्या मोठ्या कागदपत्रांच्या ढिगात आत्या कुठे असेल तर ती त्या दोन आण्यांच्या पुस्तकात आहे.

ते नाव मी इथे देत नाही. तिने ते छापण्यासाठी लिहिले नव्हते.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांतलीच. इतिहासाच्या पुस्तकात घंटा आहेत, कारण त्या वजनदार आहेत. गाडीने विरारला उतरलेली आणि बैलगाडीतून आगाशीला आलेली पदे इतिहासात नाहीत. ती कागदावर होती, आणि कागदाच्या होड्या होतात.

आता चोपडे माझ्या टेबलावर आहे. एखाद्या ग्रंथालयाला द्यावे असा सल्ला मिळाला, आणि मी देणारही आहे. पण त्याआधी मी एक काम करीत आहे. वडिलांचे वय झाले आहे. रोज संध्याकाळी मी एकेक पद त्यांना वाचून दाखवतो, आणि ते जात्याच्या चालीवर ते म्हणतात. फोनवर त्यांचा आवाज उतरवून घेतो. पुढची पाने गेली ती गेली, पण परवा एक पद वाचून झाल्यावर वडील थांबले आणि म्हणाले, “याच्या आधी एक होतं. ते का सोडलंस?”

मी काही बोललो नाही. ते आठवू लागले. दोन ओळी आठवल्या, तिसरी अडली. लवंगांची डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडून वास घेतला, आणि तिसरी ओळ आली.