खोटी बंदूक आणि खरी गोळी



धाराशिव जिल्ह्यांतील परंड्याचा किल्ला ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना तेथील प्रचंड तोफा आठवत असतील. विजापूरची सुप्रसिद्ध ‘मुलूख-ए-मैदान’ तोफ १५४९ सालीं अहमदनगरास ओतली गेली, आणि १६३२ सालीं विजापुरास नेली जाण्यापूर्वीं ती या परंड्याच्याच किल्ल्यांत होती. त्या काळच्या एखाद्या पोरानें मातीची तोफ करून बुरुजाखालीं मांडली असती, तर पहारेकऱ्यास हसूं आलें असतें. तोफ आणि तिची नक्कल यांत अंतरच एवढें, कीं चूक होण्यास जागा नव्हती. खेळण्यांतील बंदुकीचा पुढील इतिहास म्हणजे हें अंतर कसकसें नाहींसें होत गेलें, याचा इतिहास होय.

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें. शस्त्रांची मागणी घटली, तेव्हां तेथील कांहीं कारखानदारांनीं ओतीव लोखंडाचीं खेळण्यांतील पिस्तुलें काढण्यास आरंभ केला. कागदाच्या दोन थरांत कणभर स्फोटक दारू आणि तिच्यावर घोड्याचा आघात, एवढीच काय ती यंत्ररचना. आपल्याकडे दिवाळींत टिकल्या फोडणारें पिस्तूल तें याच जातीचें. त्याचा आवाज खरा, धुराचा वास खरा. परंतु पत्र्याचें तें ध्यान पाहून कोणी फसावें असें नसे. पुढें १९७० नंतरच्या दशकांत जपानांत, जेथें सामान्य नागरिकास खरें पिस्तूल बाळगतां येत नाहीं तेथें, प्लास्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या हुबेहूब बंदुका निघाल्या. हौशी प्रौढांसाठीं केलेली ही वस्तु जगभर मुलांच्याहि हातीं गेली.

२२ नोव्हेंबर २०१४ रोजीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं तामिर राइस नांवाचा १२ वर्षांचा मुलगा एका बागेंत असेंच पिस्तूल घेऊन खेळत होता. नळीच्या टोकास असावयाची नारिंगी खूण त्यावर राहिली नव्हती. ज्या गृहस्थानें पोलिसांस दूरध्वनि केला, त्यानें स्पष्ट सांगितलें होतें कीं, बंदूक बहुधा खोटी असावी आणि तो बहुधा अल्पवयी असावा. हे दोन ‘बहुधा’ निरोप घेणाऱ्या कचेरींतून पुढें गेलेच नाहींत. पोलिसांची गाडी बागेंत शिरली, आणि दोन सेकंदांच्या आंत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशीं मुलगा वारला. ज्यूरीनें शिपायावर खटला भरण्यास नकार दिला. २०१६ सालीं शहरानें कुटुंबास ६० लाख डॉलर देऊं केले.

ती नारिंगी खूण अमेरिकन कायद्यानें १९८८ सालीं आवश्यक केली. या उपायांतच एक गोम आहे असें मला वाटतें. आपण खेळणें आहों हें खेळण्यानें ओरडून सांगावें, म्हणजे ओझें अखेर पोराच्याच खांद्यावर. खूण निघाली कीं दोष त्याचा. आपल्याकडील १९५९ च्या शस्त्र अधिनियमानें खोट्या बंदुकीची खरी करण्यास परवाना आवश्यक केला. पण पोलिसाच्या हातांतील बंदुकीचा प्रश्न निराळ्याच कलमांत आहे. १८६० च्या दंडसंहितेनें स्वसंरक्षणार्थ दुसऱ्याचा जीव घेण्याची मुभा दिली ती मृत्यूची वाजवी भीति वाटल्यास. समोरचें शस्त्र खरें होतें कीं खोटें, एवढ्यानें तेथें निकाल लागत नाहीं. २०२४ सालीं अंमलांत आलेल्या न्यायसंहितेंतहि हीच कल्पना कायम राहिली. सारा प्रश्न ‘वाजवी’ या शब्दापाशीं येऊन ठेपतो, आणि वाजवी काय हें पाहण्यास कांहीं अवधि लागतो.

३० ऑक्टोबर २०२५ रोजीं मुंबईंत पवई येथें एका इसमानें अभिनयाच्या चांचणीसाठीं बोलावलेलीं १७ मुलें एका स्टुडिओंत कोंडून ठेविलीं आणि जागेस आग लावण्याची धमकी दिली. पोलिसांनीं आधीं बराच वेळ त्याच्याशीं बोलणें चालविलें; मग न्हाणीघराच्या वाटेनें आंत शिरून गोळी झाडली. तो मेला, मुलें सुखरूप बाहेर आलीं. त्याच्याजवळची बंदूक हवेच्या दाबावर चालणारी निघाली. त्या गोळीबाराविषयींहि पुढें प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारले जाणेंच योग्य. तथापि तेथें गोळीपूर्वीं संभाषण झालें होतें. क्लीव्हलंडच्या मुलाशीं बोलण्याइतका वेळ कोणी घेतला नाहीं.

यात्रेच्या दिवसांत तुळजापुरास खेळण्यांचीं दुकानें लागतात, आणि त्यांत बंदुकाहि असतात. त्या काढून टाका असें मी म्हणणार नाहीं. पोरें मग काठीचीच बंदूक करतील, आणि तीहि छान चालते! पण अशा गर्दींतून कोणीं घाबरून ११२ या क्रमांकावर दूरध्वनि केला, तर तो प्रथम दूरच्या मध्यवर्ती केंद्रांत जातो, आणि तेथून जिल्ह्यांतील पोलिसांच्या गाडीस निरोप मिळतो. ‘पोरगेंच दिसतें, बंदूक खेळण्यांतली असावी,’ असें सांगणारा म्हणाला असेल, तर तें वाक्य त्या गाडींतल्या शिपायाच्या कानापर्यंत जसेंच्या तसें पोंचविणें हें त्या केंद्रांत बसणाऱ्या माणसाचें काम आहे.