ओढल्या जाणाऱ्या मोटारीची वीज



अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या हमरस्त्यांवर एक दृश्य वारंवार दिसतें. पुढें घराएवढी थोरली मोटार चाललेली असते. तिच्यांत बिछाने, चूल, पाण्याची टांकी असा सारा संसार असतो. तिच्या मागें लोखंडी दांड्यानें जोडलेली एक लहान मोटार, चारी चाकें जमिनीवर, आंत माणूस नाहीं, अशी मुकाट्यानें येत असते. मुक्कामावर पोंचल्यावर गांवांत हिंडावयास ती उपयोगी पडते. तिकडे तिला ‘डिंगी’ म्हणतात. गलबतामागें बांधलेल्या होडीवरून हें नांव पडलें. आणि हा शब्द इंग्रजींत गेला तो आपल्याच देशांतून, हें ऐकून पुष्कळांस गंमत वाटेल.

बैलगाडीमागें जादा बैल बांधावा तशी ही गाडी बांधली कीं झालें, असें प्रथम वाटतें. परंतु मोटार म्हणजे नुसतीं चाकें नव्हेत. तिच्या अंगांत वीज खेळते. आणि यंत्र बंद असतां त्या विजेचें काय करावयाचें, हा प्रश्न शतकाभरांत उत्तरोत्तर बिकट होत गेला आहे.

प्रारंभीं तो नव्हताच. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडींत ठिणगी पाडण्यासाठीं मॅग्नेटो असे. बॅटरीवांचून तिचें चाले. पुढचे दिवे वायूचे, मागचा तेलाचा. अशी गाडी ओढून नेतांना मागचा कंदील पेटविला कीं काम भागे. नंतर १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत ओहायोंतील चार्ल्स केटरिंग यांनीं विजेवर यंत्र सुरू करण्याची योजना बसविली व दिवेहि विजेचे केले. हे गृहस्थ तरुणपणीं कांहीं काळ शाळामास्तर होते, हें सांगतांना मला थोडा अभिमान वाटतो, तो आपण क्षम्य मानाल.

येथपासून मोटारींत बॅटरी आली, आणि ती भरण्यासाठीं यंत्रानें फिरणारा डायनामो आला. यंत्र मंदावलें तर बॅटरींतील वीज उलट डायनामोंत वाहून जाऊं नये म्हणून ‘कट-आउट’ नांवाचा स्वयंचलित खटका लावीत. लोहाराच्या भात्याची झडप वारा आंत घेते, पण त्याच वाटेनें परत जाऊं देत नाहीं, तसेंच हें. पुढें १९६० च्या क्रायस्लर व्हॅलिअंट गाडींत डायनामोऐवजीं अल्टरनेटर आला, आणि त्याच्याबरोबर सिलिकॉनचे डायोड आले. डायोड म्हणजे विजेची तीच झडप, पण जिला हलणारा एकहि भाग नाहीं. ही झडप श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

विनेबॅगो कारखान्यानें १९६६ सालीं आयोवा संस्थानांत हीं चालतीं घरें बनविण्यास आरंभ केला. त्यांच्यामागें छोटी गाडी जोडणाऱ्यांस पहिली अडचण दिव्यांची आली. थोरल्या गाडीचे मागचे दिवे छोटीच्या आड जातात. म्हणून तिनें ब्रेक दाबला कीं छोटीचा लाल दिवा लागला पाहिजे. मग दोन्ही गाड्यांच्या तारा सरळ जोडून कां टाकूं नयेत? कारण पुढून आलेली वीज दिव्यांत जाऊन थांबत नाहीं. छोट्या गाडीच्या स्वतःच्या तारेनें ती उलट तिच्या खटक्यांत, आणि आजच्या गाड्यांत नाजूक संगणकांत शिरते. यावर उपाय तोच डायोड. प्रत्येक दिव्यापाशीं दोन बसवावे, एक पुढील गाडीच्या तारेंत व एक छोटीच्या स्वतःच्या तारेंत; म्हणजे दोहींकडून वीज दिव्यापर्यंत येते, पलीकडे जात नाहीं. परतीच्या प्रवाहासाठीं मात्र निराळी तार द्यावी, ओढदांड्याच्या लोखंडावर भिस्त ठेवूं नये.

ब्यूइक गाड्यांनीं १९३९ सालीं मागें लुकलुकणारे वळणदर्शक दिवे आणले. पुष्कळ अमेरिकन गाड्यांत एकच लाल दिवा ब्रेकचें व वळणाचें अशीं दोन्ही कामें करतो. जपानी व युरोपीय गाड्यांत वळणाचा दिवा बहुधा वेगळा, पिंवळा असतो. अशा दोन गाड्या जोडतांना मधें परिवर्तक यंत्र घालावें लागतें. ही कटकट नको म्हणून कांहीं लोक मागच्या दिव्याच्या घरांत निराळा बल्बच बसवितात. मला विचाराल तर तीच पद्धत सुबोध आहे.

खरा घोळ झाला तो चोरांमुळें! जनरल मोटर्सनें १९६९ च्या गाड्यांत स्टिअरिंगला कुलूप घातलें, आणि १ जानेवारी १९७० पासून चोरीविरुद्ध कुलुपाचा सरकारी नियम आला. किल्ली काढली कीं अशा गाडीचीं पुढचीं चाकें वळत नाहींत, मग ती ओढावयाची कशी? तेव्हां किल्ली अर्धी फिरवून ठेवणें भाग पडलें. पण किल्ली अर्धी फिरली कीं आंतील कांहीं उपकरणें जागीं होतात आणि बॅटरी झिजूं लागते. भरणारें यंत्र तर बंद! समजा, बॅटरी ४८ अँपिअर-तासांची आहे आणि ४ अँपिअर वीज सतत जाते. हिशेबानें १२ तासांत ती रिकामी होईल. गाडी सुरू करण्याची शक्ति तर त्याच्या पुष्कळ आधीं जाईल. म्हणून कोणी ठराविक फ्यूज काढून ठेवतात, कोणी पुढील गाडीकडून भरणीची तार आणतात, तिच्यांतहि फ्यूज घालून.

बॅटरी मेली तर केवळ सकाळचा खोळंबा होतो असें नाहीं. मागच्या गाडीस स्वतंत्र ब्रेक लावणारें यंत्र पुष्कळदां तिच्याच बॅटरीवर चालतें. दांडा तुटून गाडी सुटली तर एक खुंटी उपटली जाऊन तें यंत्र ब्रेक दाबतें. बॅटरींत जीव नसेल तर तें दाबणार कशानें? आणखी एक सूक्ष्म गोष्ट: या यंत्रानें ब्रेक दाबला असतां छोटीचा स्वतःचा लाल दिवा स्थिर लागला, तर एकाच बल्बावर असलेली वळणाची लुकलुक त्यांत बुडून जाते. मागून येणाऱ्यास गाडी वळणार हें कळतच नाहीं.

अलीकडे स्टिअरिंगला विजेची मोटर साहाय्य करते, हातब्रेकहि विजेचा असतो. कांहीं गाड्यांना ओढतांना वीज चालू ठेवावी लागते, कांहींना तोडावी लागते, आणि पुष्कळ गाड्या अशा ओढूंच नयेत असें त्यांच्या माहितीपुस्तकांत स्पष्ट छापलेलें असतें.

निघण्यापूर्वीं एकानें पुढें बसून ब्रेक दाबावा, दोन्ही बाजूंचे वळणाचे दिवे लावावे, आणि दुसऱ्यानें छोट्या गाडीमागें उभें राहून ते पाहावे. एकदां चाकें फिरूं लागल्यावर पुढच्या चालकास ते दिवे दिसत नाहींत.